संचित कुणाचं?

आमच्या देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा नावाचं गाव आहे. चोखोबांचं जन्मगाव म्हणून ते मानलं जातं. आमचं भजनी मंडळ अधूनमधून तिथं जातं आणि पखवाज माझ्याकडे असतो. चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे. हीन मानलेल्या जातीत आपला जन्म का झाला, याचं कारण ते त्यात सांगतात : मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली, त्याचं हे फळ. त्यांच्याच मुलाचे, कर्ममेळ्याचे, अभंग घेतले की सूर पार बदलतो. पोरगा देवाला जाब विचारतो. बापानं आपल्या दुःखाचं कारण स्वतःत शोधलं, पोरानं ते मानलं नाही. एकाच घरातले हे दोन आवाज आपण एकाच बैठकीत, एकाच टाळावर गातो आणि चहा पिऊन घरी जातो.

२०१४ पर्यंत मीही तसाच घरी जात होतो. त्या वर्षी माझ्या मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला. मग यातला आपला आवाज कुठला, हे ठरवल्याशिवाय मला तोंड उघडून गाता येईना.

ती सहा वर्षांची होती. पाय दुखतात म्हणायची. आम्हाला वाटायचं, वाढीचं वय आहे, खेळून दुखत असतील. मग ताप यायला लागला. एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. मांडीवर, पाठीवर निळे डाग दिसले तेव्हा माझ्या मायनं थोरल्याला बाजूला घेऊन विचारलं, "तू मारलंस का रे तिला?" थोरला तेव्हा चौथीत होता. तो नाही म्हणाला आणि रडला. जालन्याला रक्त तपासलं, औरंगाबादला हाडातला मगज काढून तपासला, आणि तिथून सरळ मुंबईच्या टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली. आजाराचं नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. टाटात सगळे, अगदी अंगठेबहाद्दर आयाबायासुद्धा, त्याला 'एएलएल' म्हणतात.

आमच्या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं पिकवतात. माझा मिरचीचा सीड प्लॉट होता आणि क्रॉसिंगचे दिवस होते. रोज सकाळी चिमट्यानं फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या नराचं पोलन लावायचं, दोरा बांधायचा. चार दिवस हात थांबला तरी हंगाम गेला. अशात घर बंद करून मुंबई गाठायची होती.

निघायच्या आधी माणसं भेटायला आली. मनानं वाईट कुणीच नव्हतं. पण जवळजवळ प्रत्येकाकडे एकेक कारण होतं. एका चुलत आजीनं बायकोला विचारलं, पोटात असताना ग्रहणात काही चिरलं होतंस का? एकानं पितृदोष सांगितला, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा म्हणाला. कुणी म्हणालं, बाहेरचं दिसतंय, सैलानीला न्या. सैलानीबाबांचा दर्गा आमच्याच जिल्ह्यात, पिंपळगाव सराईजवळ. होळीच्या सुमारास तिथं नारळांची होळी पेटते आणि हिंदू-मुसलमान सगळे जातात. शेवटी एक बुवा आले, चांगले वाचलेले, भागवत सांगणारे. त्यांनी सगळ्यांची कारणं एका वाक्यात मिटवली : ज्याचं त्याचं संचित.

त्या रात्री थोरला माझ्या अंथरुणात येऊन म्हणाला, "पप्पा, मी एकदा तिला 'मर' म्हणलो होतो. त्याच्यानं झालं का?"

म्हणजे घरातल्या प्रत्येकानं आपापलं पाप शोधून काढलेलं होतं. बायकोनं ग्रहण आठवून पाहिलं, मायला कधीकाळचा न फेडलेला नवस आठवला, मी बापाच्या आजारपणात केलेली कुचराई आठवली, आणि पोरानं एक शब्द. कर्माचा सिद्धांत मोठमोठ्या ग्रंथांत असेल, पण घरात दुखणं शिरलं की तो असा नऊ वर्षांच्या पोरापर्यंत झिरपतो.

मी शेतकरी माणूस, मराठी घेऊन बी.ए. झालेला. शास्त्रार्थ करण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्याला सोसायचं असतं त्याला विचार करण्याची मनाई नसावी. करणाऱ्यानं भरायचं, असं कर्माचा सिद्धांत म्हणतो. मग माझ्या पापासाठी पोरीला सुया टोचत असतील तर तो सिद्धांत तिथंच मोडला. भरतंय भलतंच कुणी. त्यावर उत्तर तयार असतं की, तिचं स्वतःचंच मागच्या जन्मीचं असेल. असेल. पण आपला गुन्हा कुठला हे आरोपीला माहीत नाही, सांगणारा कुणी नाही, आणि आरोपीला अजून 'ळ' म्हणता येत नाही, असा खटला बुलढाण्याच्या कोर्टातसुद्धा उभा राहणार नाही. तो देवाच्या दारात चालतो असं म्हणणं मला देवाची निंदा वाटते.

आणखी एक गोष्ट मला नंतर वाचनात सापडली. या आजारावर मुलांमध्ये पहिल्यांदा गुण दिसला तो अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना. त्यांनी ते १९४८ साली प्रसिद्ध केलं. त्यांना औषध पुरवणाऱ्या कंपनीत संशोधनाचं काम आपल्या आंध्रातल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चालत होतं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट माझ्या मुलीच्या पाठीच्या कण्यात दिलं गेलं. फार्बरांच्या आधी या आजाराची जवळजवळ सगळी पोरं काही महिन्यांत जात. आज श्रीमंत देशांत दहातली नऊच्या आसपास वाचतात. संचिताचाच हिशोब असेल, तर १९४८ आधीची पोरं पापी आणि नंतरची पुण्यवान असं म्हणावं लागेल. शिवाय बोस्टनची जास्त पुण्यवान आणि बुलढाण्याची कमी. हे बुवांना कुणी विचारत नाही.

आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी बौद्ध आहेत. भेटायला येणाऱ्यांत कारण न सांगणारे ते एकटेच. त्यांनी विचारलं, "पैशाची सोय कशी आहे?" खूप पुढे, पोरगी सावरल्यावर, मी त्यांच्याकडे हा विषय काढला तेव्हा त्यांनी संयुत्त निकायातलं सीवक सुत्त काढून दिलं. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो : माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वीच्या कर्मामुळे, असं काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, आपलं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतुबदल, देहाची हेळसांड, अचानक आलेलं संकट, आणि आठवं कर्मफळ. सगळंच कर्माचं म्हणणारे आपल्याला माहीत असलेल्याच्या पलीकडे बोलतात, असा त्यांचा निवाडा आहे.

मी वारकरी, गजानन महाराजांचा भक्त. मला वाटलं, हे त्यांच्याकडचं झालं. पण पारायण करताना तिसऱ्या अध्यायाशी थांबलो. दासगणूंनी १९३९ साली शेगावी 'श्रीगजाननविजय' लिहिला, एकवीस अध्याय. तिसऱ्यात जानराव देशमुखांची कथा आहे. ते मरणाला टेकले होते. महाराजांच्या पायाचं तीर्थ दिलं आणि उठले. तिथंच दासगणू मरणाचे तीन प्रकार सांगतात. एक आध्यात्मिक, ते कुणालाच टळत नाही. दुसरं आधिभौतिक, कुपथ्यानं आणि रोगानं येणारं. ते शहाण्या वैद्याच्या औषधानं टळतं. तिसरं आधिदैविक, तिथं नवस कामी येतो. कितीदा वाचलं होतं, पण नीट दिसलं तेव्हाच. पारायणाच्या पोथीतच वैद्याची जागा राखून ठेवलेली आहे. आपल्या पोरीचं मरण यातलं कुठल्या प्रकारचं, हे मात्र आधी ओळखायची खूण पोथीत नाही. म्हणून माणूस तिन्ही दारं ठोठावतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

टाटात आम्हीही ठोठावली. रात्रीच्या देवगिरीनं जालन्याहून जायचं. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एकाला पाऊण सवलत. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात बुलढाणा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर झाली. केशरी कार्डावर आमचा बराच खर्च त्यात निघाला. दोन वर्षं आधी दुखणं आलं असतं तर जमीन गेली असती. याला गावात कुणी कृपा म्हणत नाही. मी म्हणतो.

पहिल्याच आठवड्यात एका डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की, हे तुमच्या खाण्यानं, वागण्यानं, काही करण्यानं किंवा न करण्यानं झालेलं नाही. रक्त तयार होताना एका पेशीत बिघाड होतो आणि ती वाढत जाते. का, ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. बायको म्हणाली, "मॅडम, परत एकदा सांगा." त्यांनी परत सांगितलं. ग्रहणाचा डाग त्या दिवशी धुतला गेला. कारण नाही, हे ऐकून माणूस इतका हलका होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग केमो सुरू झाली. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, 'काउंट', म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा. काउंट पडले, काउंट वर आले. काउंट पडले की ताप, ताप आला की पुन्हा भरती. स्टेरॉइडच्या दिवसांत पोरगी रात्री दोनला उठून वरणभात मागायची, तोंड सुजून ओळखू येईना. पाणी उकळलेलंच, अन्न ताजं शिजवलेलं, गर्दीत न्यायचं नाही, प्रसाद-अंगारा काही नाही. अशात माझी माय शेगावहून बाटलीत तीर्थ घेऊन आमच्या दादरच्या मुक्कामी आली. त्या म्हातारीनं आयुष्यात कधी मुंबई पाहिली नव्हती. बायकोनं बाटली घेतली, तीर्थ पातेल्यात ओतलं, गॅसवर ठेवलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं उकळलं. मी मायच्या तोंडाकडे पाहत होतो, आता भडका उडतो म्हणून. माय पातेल्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "उन्हात नदी तापते, तिचं तीर्थपण जातं का? निवू दे नीट, लेकराला चटका नको." धर्म आणि दवाखाना यांच्यावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. एवढा नीट निकाल कुणी लावलेला ऐकला नाही.

सुट्टी मिळून गावी आलो की पोरीचं टक्कल पाहून बाया विचारत, "बालाजीला केस दिले काय?" बायको हो म्हणायची. पुढचे प्रश्न वाचायचे.

दादरला आम्ही गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत राहत होतो. टाटाचे पेशंट तिथं राहतात. जागा नाही मिळाली त्यांचा संसार परळच्या फूटपाथवर. शेजारच्या खाटेवर परभणीकडचं कुटुंब होतं. त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा, आजार तोच, औषधं तीच. दोघं एकमेकांच्या सलाईनचे थेंब मोजत खेळायची. आम्हा बापांचा नवससुद्धा एकच निघाला : पोर बरं झालं की शेगावला पायी. तो माणूस माझ्यापेक्षा कितीतरी निष्ठावान. गुरुवार कडक, पहाटे उठून एक अध्याय, कुणाला उणा शब्द नाही. त्याच्या मुलाचा आजार उलटला. दुसऱ्यांदा औषध लागू पडलं नाही. सगळं आटोपल्यावर तो धर्मशाळेत सामान न्यायला आला. आपला कुकर, उरलेले मास्क आणि थर्मामीटर आमच्याजवळ ठेवून गेला. जाताना म्हणाला, "दादा, तुमचा नवस लागला. आमचा नाही लागला."

त्याच्या बोलण्यात हेवा नव्हता, एखादा भाव सांगावा तसं सरळ सांगितलं. मला उत्तर देता आलं नाही. माझी पोरगी महाराजांनी वाचवली असं मी म्हणालो, तर त्याच वाक्यात मी त्याच्या पोराला महाराजांनी नाकारलं असंही म्हणतो. वाचलेल्याच्या बापाला हे दुसरं अर्धं वाक्य ऐकू येत नाही. गेलेल्याच्या बापाला तेच तेवढं ऐकू येतं.

त्या धर्मशाळेत बसून मी गाडगेबाबांचा विचार फार केला. त्यांचा मुलगा गोविंदा १९२३ साली गेला. बाबा तेव्हा कोकणात, खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली, त्यांनी ती कोरडेपणानं घेतली, जगात कोट्यवधी असे गेले, एकासाठी काय रडायचं, अशा अर्थाचं बोलले आणि कीर्तन चालू ठेवलं. लहानपणी ही गोष्ट ऐकून मला बाबांची भीती वाटायची. बाप असा कसा? आता मला त्यातली दुसरी बाजू दिसते. हे कठोर बोलणं त्यांनी स्वतःच्या पोराबद्दल, स्वतःशी केलं. दुसऱ्याचं पोर आजारी पडलं तेव्हा त्याच्या बापाला त्यांनी कोट्यवधींचा हिशोब ऐकवला नाही, धर्मशाळा बांधली. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. नवसाला बोकड कापणाऱ्यांना ते कीर्तनात भर गर्दीत फैलावर घेत, पण रोग्याला औषध मिळालं पाहिजे हे त्यांच्या शिकवणुकीत कायम राहिलं. त्यांचं वैराग्य त्यांच्या एकट्याच्या अंगावर राहिलं, पाहुण्याच्या ताटात ते कधी वाढलं गेलं नाही.

चोखोबांच्या त्या अभंगाचं कोडं मला इथं थोडं सुटलं. आपलं दुःख आपल्या संचिताचं, असं त्यांनी स्वतःपुरतं म्हटलं असेल; त्यांना त्यातून बळ मिळालं असेल, तो त्यांचा अधिकार. पण त्यांच्याकडे बोट दाखवून गाव तेच म्हणू लागलं की ते छळणं झालं. आणि बापानं ते आपल्या लेकराबद्दल म्हणायला घेतलं की कर्ममेळा भांडणारच. त्यानं भांडावंच. मी माझ्या पायाला काटा मोडला तर माझं कर्म म्हणेन. पोरीच्या कण्यात गेलेल्या सुईला मी ते नाव देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला देऊ देणार नाही.

२०१७ मध्ये औषधं थांबली. आता ती बारावीला आहे, केस कमरेपर्यंत आहेत आणि गजरा लावायचा कंटाळा करते. नवस केला होता म्हणून मी शेगावला पायी गेलो. गावानं भंडारा ठेवला. तिथं उभं राहून महाराजांची प्रचिती सांगा, असा आग्रह झाला. मी नाही म्हणालो. लोक नाराज झाले, बुवा तर फार.

बायकोचं माझ्याशी पटत नाही. ती म्हणते, "आभार मानायला हिशोब कशाला पाहिजे? मी आभार मानते, म्हणून त्या माउलीच्या पोराला कुणी टाकलं असं थोडंच होतं?" ती दर गुरुवारी डोळे मिटून हात जोडते आणि त्या मुलाचं नावही घेते. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. तरी मी प्रचिती सांगणार नाही. परभणीचा तो माणूस श्रोत्यांत बसलेला असेल तर, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि कुठल्याही भंडाऱ्यात असा एखादा बसलेला असतोच.

थोरल्याला मात्र ते 'मर' अजून पुरतं सुटलेलं नाही. आमच्या मुंबईच्या फेऱ्यांत तो सिंदखेड राजाला मामाकडे राहिला. आजारी लेकराच्या भावंडाला कुणी काही समजावून सांगत नाही. ते ऐकून ऐकून आपलंच काहीतरी जुळवत बसतं. बहिणीवर तो आता कधी रागवत नाही, आणि त्या वयाच्या भावानं कधीच न रागावणं मला बरं वाटत नाही.

मिरचीचा तो प्लॉट वाया गेला नाही. शेजारच्या बायांनी आपापलं क्रॉसिंग उरकून दुपारी आमच्या शेडनेटमध्ये हात लावला. त्यांतल्या एकीनंही कारण विचारलं नव्हतं.

म्हणून एक मागणं. तुमच्या गल्लीत एखादं लेकरू अशा दुखण्यानं पडलं तर त्या घरी जरूर जा. मागच्या जन्माचा, ग्रहणाचा, पितरांचा विषय काढू नका. तुमचा त्यावर विश्वास असेल तर तो स्वतःच्या दुखण्यासाठी राखून ठेवा. भावंड असेल तर त्याला जवळ घेऊन सांगा की, यात तुझं काही चुकलेलं नाही. आणि त्या माणसाच्या शेतात पाणी कोण धरतं, ते विचारा. लाईट रात्रीची असेल तर ती पाळी तुम्ही घ्या.